अनेक दारांचं घर

लंडनच्या स्ट्रँड या हमरस्त्याला लागून मेडन लेन नावाची अरुंद गल्ली आहे. १८९८ साली तिथल्या ३१ क्रमांकाच्या इमारतीत विल्यम बॅरी ओवेन या अमेरिकन माणसानं ग्रामोफोन कंपनीचं बिऱ्हाड मांडलं. चपट्या तबकडीवर आवाज कोरून तो पुन्हा ऐकवण्याची युक्ती एमिल बर्लिनरनं अमेरिकेत शोधली होती; ते यंत्र युरोपात खपवायचं, एवढाच ओवेनचा बेत. पैसा घातला ट्रेव्हर विल्यम्स या वकिलानं. तबकड्या छापायची सोय जर्मनीत, हॅनोव्हरला, बर्लिनरच्याच घरच्यांकडे. आवाज टिपायला अमेरिकेहून पंचवीस वर्षांचा फ्रेड गायझबर्ग आला आणि ऑगस्टमध्ये मेडन लेनमध्येच त्यानं काम सुरू केलं. गाणाऱ्यानं पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई थरथरत रेघ ओढायची आणि गाणं चुकलं तर सगळं पहिल्यापासून. ब्रिटिश रेकॉर्ड कंपन्यांचा इतिहास या खटपटीपासून सुरू होतो.

खुद्द ओवेनला या धंद्याचा भरवसा नव्हता. ग्रामोफोन ही चार दिवसांची हौस, ती फिटली की विकायचं काय, या धास्तीनं १९०० साली त्यानं टाइपरायटरही विकायला घेतला आणि कंपनीचं नाव ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर’ करून टाकलं. टाइपरायटर चालला नाही. १९०७मध्ये तो नावातूनही गळला. तोवर कंपनीला खरं भांडवल मिळून गेलं होतं, तेही दुसऱ्यानं नाकारलेल्या मालातून.

फ्रान्सिस बरॉड हा बेताच्या नावाचा चित्रकार. त्याचा भाऊ वारल्यावर भावाचा निपर नावाचा कुत्रा त्याच्याकडे आला होता. फोनोग्राफच्या कर्ण्याशी कान लावून बसलेल्या निपरचं चित्र त्यानं काढलं. ते रॉयल अकादमीनं घेतलं नाही आणि फोनोग्राफ विकणाऱ्या एडिसन बेल कंपनीनंही परत पाठवलं. चित्रातला काळा कर्णा उठून दिसत नाही, पितळेचा असेल तर बरं, म्हणून १८९९मध्ये बरॉड मेडन लेनला कर्णा उसना मागायला गेला. ओवेननं चित्र पाहिलं आणि सांगितलं: यातला फोनोग्राफ पुसून आमचा ग्रामोफोन काढा, चित्र विकत घेतो. सौदा १०० पौंडांना ठरला. पन्नास चित्राचे, पन्नास त्याच्या हक्काचे. मूळ चित्रात ग्रामोफोनच्या रंगाखाली आजही जुन्या फोनोग्राफच्या खुणा दिसतात. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे तीन शब्द आणि तो कुत्रा पुढं कंपनीच्या नावापेक्षा मोठे झाले. महाराष्ट्रात तर कंपनीचं खरं नाव कुणी उच्चारलंच नाही. घरोघरी ती ‘एचएमव्ही’च राहिली.

तीनच वर्षांनी असाच आणखी एक प्रसंग आला. १९०२च्या एप्रिलमध्ये गायझबर्ग मिलानला होता. एन्रिको कारुझो हा तरुण गायक तिथं गाजत होता. त्यानं दहा गाण्यांचे १०० पौंड मागितले. लंडनच्या कचेरीनं तारेनं कळवलं, की ही रक्कम अवाच्या सव्वा आहे, मुद्रण करू नये. गायझबर्गनं आपल्या आठवणींत लिहिलं आहे, की तार बाजूला ठेवून त्यानं हॉटेलच्या खोलीत एका दुपारी दहाच्या दहा गाणी उरकली. त्या तबकड्यांनी कंपनीला किती तरी पटींनी पैसा मिळवून दिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हे खेळणं नव्हे, यात मोठा कलावंतही गातो, हे जगाला पटलं.

त्याच वर्षी गायझबर्ग पूर्वेच्या सफरीवर निघाला आणि कलकत्त्याला उतरला. तिथल्या इंग्रजांकडे त्यानं गवयांची चौकशी केली. वर्षानुवर्षं या देशात राहणाऱ्या त्या मंडळींना आजूबाजूच्या संगीताचा गंधही नव्हता. मग तो थिएटरं आणि मैफली धुंडाळत हिंडला. नोव्हेंबरमध्ये गौहरजान त्याच्यासमोर गायली. गाणं संपता संपता तिनं इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्यानं सांगितलं, ते आजही त्या तबकड्यांवर ऐकू येतं. मेणाचे साचे बोटीनं हॅनोव्हरला गेले, तबकड्या होऊन परत आले आणि विकले गेले. १९०८मध्ये कंपनीनं कलकत्त्यातच तबकड्या छापायचा कारखाना काढला. १९२८च्या सुमारास दमदमचा मोठा कारखाना उभा राहिला. बालगंधर्वांची नाट्यपदं आणि हिराबाई बडोदेकरांचं गाणं ज्यांना नाटकगृहात वा मैफलीत ऐकता आलं नाही, त्यांना ते या तबकड्यांनी ऐकवलं. तासभर चालणारा राग तीन-साडेतीन मिनिटांत बसवण्याची कला आपल्या गवयांनी याच काळात कमावली. देवघेव दोन्ही बाजूंनी होती. जगभरच्या तबकड्यांना लागणारी लाख मुख्यतः भारताच्या जंगलांतून जायची. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा लगदा पुन्हा वापरावा लागला.

ब्रिटनमध्ये ग्रामोफोन कंपनीला तोडीस तोड होती कोलंबिया. तिचा प्रमुख लुई स्टर्लिंग मोठा धाडसी. कोलंबिया ही मूळची अमेरिकन कंपनी. पण १९२५मध्ये स्टर्लिंगनं ब्रिटिश शाखेच्या जोरावर अमेरिकेतली मूळ कंपनीच विकत घेतली. मुलानं बापाला दत्तक घ्यावं, तसा हा प्रकार. विजेच्या मायक्रोफोननं मुद्रण करण्याचं नवं तंत्र तिथं तयार होतं, त्यासाठी हा खटाटोप. पाठोपाठ जर्मनीच्या कार्ल लिंडस्ट्रोमची कंपनी कोलंबियाच्या पदरात पडली आणि तिच्याबरोबर आलं पार्लोफोन नावाचं एक लहान लेबल. त्याची खूण पौंडाच्या चिन्हासारखी दिसते. खरं तर ते लिंडस्ट्रोमच्या नावाचं पहिलं अक्षर आहे.

मग मंदी आली. तबकड्यांचा खप कोसळला आणि १९३१मध्ये ग्रामोफोन कंपनी व कोलंबिया या हाडवैरिणींनी एकत्र येऊन ‘इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज’ म्हणजे ईएमआय स्थापन केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ॲबी रोडवरच्या एका जुन्या बंगल्यात तिचा स्टुडिओ सुरू झाला. उद्घाटनाला वाद्यवृंदासमोर सर एडवर्ड एल्गार उभे होते. कंपनीचाच तरुण अभियंता ॲलन ब्लुमलाइन यानं डिसेंबरमध्ये स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटचा अर्ज केला. कंपनीनं त्याचा व्यापारी उपयोग करायला पुढची जवळपास पंचवीस वर्षं घेतली. ब्लुमलाइन तोवर राहिला नव्हता. १९४२मध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला.

विलीनीकरणात एक गोष्ट मात्र केली गेली नाही. एचएमव्ही, कोलंबिया आणि पार्लोफोन ही लेबलं एकत्र झाली नाहीत. प्रत्येकाचे विक्रेते ठरलेले, गिऱ्हाईक बांधलेलं, ते मोडायला कुणी धजलं नाही. त्यामुळे मालक एक, पण कुणाला गाऊ द्यायचं हे ठरवणारी माणसं वेगळी, अशी व्यवस्था राहिली. एकाच घराला तीन दारं आणि प्रत्येक दारावर वेगळा माणूस. हिशेबनिसाच्या नजरेनं हा निव्वळ अपव्यय होता.

शिवाय शेजारी डेका होतीच. एडवर्ड लुईस हा शेअर दलाल. डेका नावाचे सुटसुटीत ग्रामोफोन बनवणाऱ्या कंपनीला तो सांगत होता, की नुसतं यंत्र काय विकता, ज्याची गरज पुन्हा पुन्हा लागते त्या तबकड्या विका. कुणी ऐकेना, तेव्हा १९२९मध्ये त्यानं स्वतःच डेका कंपनी उभी केली, ती नेमकी मंदीच्या तोंडावर. स्वस्त तबकड्या विकून त्यानं दिवस काढले. युद्धकाळात पाणबुड्यांचे आवाज ओळखायला शिकवण्यासाठी अतिशय स्पष्ट ध्वनिमुद्रण हवं होतं. डेकाच्या आर्थर हॅडीनं ते साधलं आणि युद्धानंतर तेच तंत्र संगीताला लावलं. लाँग प्ले तबकडी ब्रिटनमध्ये १९५०मध्ये आणली ती डेकानं. ईएमआय ‘याची गरज नाही’ म्हणत १९५२पर्यंत बसून राहिली.

१९६१च्या अखेरीस लिव्हरपूलचा दुकानदार ब्रायन एपस्टाइन आपल्या बीटल्स या वाद्यमेळातल्या चार पोरांची गाणी घेऊन लंडनच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होता. ईएमआयनं नकार कळवला. एचएमव्ही आणि कोलंबियाच्या निर्मात्यांना गाणी पसंत पडली नव्हती. १ जानेवारी १९६२ रोजी डेकानं त्यांना वेस्ट हॅम्पस्टेडच्या स्टुडिओत बोलावलं. पंधरा गाणी मुद्रित झाली. त्याच दिवशी लंडनजवळच्या एका वाद्यमेळाचीही परीक्षा झाली. दोघांतून एकच घ्यायचा होता. जवळचे म्हणजे सोयीचे, म्हणून ते निवडले गेले आणि बीटल्स परत गेले. हा निर्णय डिक रो या अधिकाऱ्याच्या नावावर कायमचा चिकटला. बिचाऱ्यानं पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सना करारबद्ध केलं, तेही बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसननं सुचवलं म्हणून. पण इतिहासानं त्याला माफ केलं नाही.

एपस्टाइन ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एचएमव्हीच्या दुकानात फितीवरची गाणी तबकडीवर उतरवून घ्यायला गेला, तिथून ओळखीतून ओळख निघत तो जॉर्ज मार्टिनपर्यंत पोहोचला. मार्टिन पार्लोफोनचा प्रमुख. हे ईएमआयचं सर्वांत दुय्यम लेबल. पीटर सेलर्ससारख्यांच्या विनोदी तबकड्यांवर ते तग धरून होतं. एकोणतिसाव्या वर्षी मार्टिनच्या हाती ते आलं, कारण त्यात कुणाला फारसं स्वारस्य नव्हतं. गाणी ऐकून मार्टिन भारावला वगैरे नव्हता. त्याला पोरांचा स्वभाव आवडला. करार तर चिक्कूपणाचा नमुनाच होता: दर तबकडीमागे एक पेनी, तीही सगळ्यांत वाटून, आणि तेव्हा एका पौंडात २४० पेन्स असत. ‘लव्ह मी डू’ ५ ऑक्टोबर १९६२ला बाजारात आलं. ज्या घराच्या दोन दारांनी त्यांना परत पाठवलं होतं, त्याच घराच्या तिसऱ्या दारानं ते आत आले.

डेका आणि ईएमआयच्या तज्ज्ञांना कान नव्हते असं नाही. कान सगळ्यांनाच होते; पण गाण्याच्या बाबतीत कान चुकतातच, सतत चुकतात. धंदा टिकतो तो चुकीनंतर दुसरा कुणी ऐकायला उरला असेल तर. ईएमआयला हे कळलं असतं तर तिनं त्या तिसऱ्या दारावरच्या माणसाला जपलं असतं. १९६३मध्ये मार्टिनच्या तबकड्या ३७ आठवडे पहिल्या क्रमांकावर होत्या. त्यानं विक्रीतला अल्पसा वाटा मागितला. कंपनीनं दिला नाही. १९६५मध्ये तो नोकरी सोडून बाहेर पडला आणि त्यानं स्वतःची संस्था काढली.

पुढची दारं मोठ्या कंपन्यांच्या बाहेर उघडली. क्रिस ब्लॅकवेलनं १९५९मध्ये जमैकात सुरू केलेली आयलंड कंपनी १९६२मध्ये लंडनला आणली. कॅरिबियन लोकांच्या वस्त्यांमधल्या दुकानांत तो आपल्या छोट्या मोटारीतून तबकड्या पोचवायचा. जमैकाच्या गाण्यांना गोरा इंग्रज श्रोता नाही, असं मोठ्या कंपन्या धरून चालल्या होत्या. त्याच ब्लॅकवेलनं बॉब मार्ली आणि त्याच्या साथीदारांच्या हातावर कसलीही हमी न घेता ४००० पौंड ठेवले आणि १९७३मध्ये त्यातून आलेल्या तबकडीनं तिथलं रेगे संगीत जगभर पसरवलं. त्याच वर्षी २५ मे रोजी रिचर्ड ब्रॅन्सनच्या व्हर्जिन कंपनीची पहिली तबकडी आली. माइक ओल्डफील्ड या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलानं बहुतेक वाद्यं एकट्यानं वाजवलेली, जवळजवळ शब्दच नसलेली. तीही आधी कित्येक कंपन्यांतून परतली होती. ‘ट्यूब्युलर बेल्स’नं व्हर्जिनला उभं केलं.

पंक संगीताच्या काळात ईएमआयच्या अवस्थेवर लख्ख प्रकाश पडला. ऑक्टोबर १९७६मध्ये तिनं सेक्स पिस्टल्स या वाद्यमेळाशी करार केला. १ डिसेंबरला दूरदर्शनवरच्या थेट कार्यक्रमात पोरांनी शिव्या हासडल्या. वर्तमानपत्रं पेटली, कंपनीच्या हेझमधल्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांच्या तबकड्या भरायला नकार दिला आणि जानेवारीत ईएमआयनं करार मोडला. मार्चमध्ये ए अँड एम कंपनीनं बकिंगहॅम राजवाड्यासमोर टेबल मांडून सह्या घेतल्या आणि आठवडा उलटण्याआधी त्यांना घालवलं. दोन्ही वेळा पैसे पिस्टल्सकडेच राहिले. मे महिन्यात व्हर्जिननं त्यांना घेतलं. ईएमआय आता एकट्या गाण्याची उरली नव्हती. कंपनीच्या पसाऱ्यात सिनेमागृहं, इलेक्ट्रॉनिक्स आणि रुग्णालयांची यंत्रंही होती. गॉडफ्रे हाउन्सफील्डनं तिथंच सीटी स्कॅनर बनवला आणि त्याबद्दल १९७९चं नोबेल मिळवलं. पण अमेरिकन कंपन्यांच्या स्पर्धेत तोच विभाग तोट्यात गेला आणि त्याच वर्षी ईएमआयला थॉर्न कंपनीच्या आश्रयाला जावं लागलं.

मँचेस्टरच्या बझकॉक्स या वाद्यमेळानं कुणाचंच दार ठोठावलं नाही. सुमारे ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७मध्ये त्यांनी आपली तबकडी आपणच छापली. ती हजारांनी खपली आणि देशभरच्या पोरांना कळलं, की हे आपल्यालाही जमेल. छापणं सोपं, दुकानांत पोचवणं अवघड. ती अडचण पश्चिम लंडनमधल्या रफ ट्रेड या दुकानानं सोडवली. १९७६मध्ये जेफ ट्रॅव्हिसनं सुरू केलेल्या या दुकानानं लेबलही काढलं आणि गावोगावच्या दुकानांची साखळी जोडून वितरण उभं केलं. मँचेस्टरच्या टोनी विल्सन आणि मित्रांची फॅक्टरी कंपनी त्याहून अजब. कलावंतांच्या गाण्यांवर कंपनीचा काहीही हक्क नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. तबकडीला क्रमांक, तसाच त्यांच्या नाइटक्लबला क्रमांक, कोर्टातल्या दाव्यालाही क्रमांक! ‘ब्लू मंडे’ या तबकडीचं कापीव वेष्टन इतकं महाग पडलं, की सुरुवातीला प्रत्येक प्रतीमागे तोटा व्हायचा, असं फॅक्टरीचेच लोक सांगत. ही विनोदी उधळपट्टी फार काळ चालणारी नव्हती. रफ ट्रेडचं वितरण १९९१मध्ये बुडालं, फॅक्टरी १९९२मध्ये. फॅक्टरी विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं होतं; पण कागद चाळल्यावर त्याला कळलं, की विकायला कंपनीकडे काहीच नाही.

त्याच सुमारास उरलेली दारं एकेक करून मोठ्यांच्या घरात गेली. डेका १९८०मध्ये पॉलिग्रॅमकडे गेली. एडवर्ड लुईस त्याच जानेवारीत वारला. आयलंड १९८९मध्ये पॉलिग्रॅमनं घेतली, व्हर्जिन १९९२मध्ये थॉर्न ईएमआयनं. १९३१च्या आणि या विलीनीकरणांत एक फरक होता. तेव्हा लेबलं वेगळी राखली होती. आता नावं राहिली, पण अखेरचा होकार-नकार एकाच मजल्यावरून येऊ लागला. एकाच प्रकारचा हिशेब करणाऱ्यांची चूकही मग एकाच प्रकारची होते. अमेरिकन गायिका मरायाह केरीशी अफाट रकमेचा करार करून, तो मोडण्यासाठी २००२मध्ये ईएमआयला पुन्हा सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर मोजावे लागले. इंटरनेटवर गाणी फुकट फिरू लागली, तशी कंपनी आणखी खंगली.

२००७मध्ये टेरा फर्मा या गुंतवणूक कंपनीनं, बँकेकडून प्रचंड कर्ज काढून, ४ अब्ज पौंडांच्या आसपास रकमेला ईएमआय घेतली. नव्या मालकांना संगीताचा अनुभव नव्हता आणि कलावंतांना ते लगेच कळलं. रेडिओहेड, रोलिंग स्टोन्स बाहेर पडले. २०१०मध्ये ॲबी रोड विकायला निघाल्याच्या बातमीनं देश हादरला आणि सरकारनं त्या इमारतीला वारसा म्हणून संरक्षण दिलं. फेब्रुवारी २०११मध्ये कर्ज देणाऱ्या सिटीग्रुप बँकेनं कंपनीच ताब्यात घेतली.

दुसरीकडे, लंडनच्याच एक्सएल या स्वतंत्र लेबलनं त्याच वर्षी ॲडेलचा ‘२१’ हा अल्बम काढला आणि ब्रिटनमध्ये या शतकातला सर्वाधिक खपाचा अल्बम तोच ठरला. श्रोते संपले होते, हे ईएमआयच्या पडझडीचं कारण म्हणून पुरत नाही. ऐकणारी माणसं ज्या घरांत उरली होती, तिथं गिऱ्हाईक येतच होतं.

कंपनीचे तुकडे झाले तेव्हा कुणाच्या वाट्याला काय आलं, हे पाहण्यासारखं आहे. भारतातली शाखा १९८०च्या दशकातच गोएंका समूहाकडे गेली होती आणि २०००पासून ती सारेगामा म्हणून ओळखली जाते. निपरचं चित्र असलेली ब्रिटनमधली दुकानं वेगळ्या मालकांच्या हाती आहेत. ॲबी रोड आणि ध्वनिमुद्रणांचा बहुतेक साठा २०१२मध्ये १.२ अब्ज पौंडांना युनिव्हर्सलकडे गेला. एका कंपनीच्या हाती इतकं सगळं जाऊ नये, म्हणून युरोपियन आयोगानं युनिव्हर्सलला काही लेबलं बाहेर विकायची अट घातली. त्यात पार्लोफोन होतं. २०१३मध्ये ते वॉर्नरनं घेतलं, पण बीटल्सची गाणी सौद्यातून वगळून. बाजारात एकापेक्षा अधिक दारं उघडी असावीत, ही गोष्ट कंपनीच्या चालकांना कधी उमगली नाही. शेवटी ती सरकारी नियामकाला लेखी अट घालून सांगावी लागली. तोवर मेडन लेनमध्ये सुरू झालेली ११४ वर्षांची कंपनी संपली होती.